रिकाम्या खिशांचा शनिवार

काही माणसांना पोहता येत नाही, काहींना शीळ घालता येत नाही. कल्मन ब्राउडला ‘नाही’ म्हणता येत नसे. पोहायला तो उत्तम पोहायचा आणि शीळ तर अशी घालायचा की तळ्यापलीकडची कुत्री उठून उभी राहत. पण कुणी समोर येऊन “कल्मन, जरा धर ना” असं म्हटलं, की त्याचा हात आपोआप पुढे जाई. वस्तू काय आहे, कुणाची आहे, किती वेळ धरायची आहे, हे प्रश्न त्याला नंतर सुचत. बहुधा सुचतच नसत.

एरवी हा स्क्रँटन गावात शाळेची पिवळी बस चालवायचा. उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे बस बंद, म्हणजे कल्मन डोंगरात, कॅम्प गिव्हाट ओरेनला. हे नवव्या वर्षापासून चाललेलं. आता तो एक्केचाळीसचा होता. मधे आई गेली, वडिलांचं चपलांचं दुकान गेलं, डोक्यावरचे केसही बरेचसे गेले. कॅम्प तेवढा राहिला. तेच तळं, त्याच लाकडी खोल्या, त्याच खाटा, आणि दर जूनमध्ये बसमधून ओतली जाणारी दोनेकशे यहुदी पोरं. आल्या दिवशी निम्मी रडतात आणि जायच्या दिवशी सगळी. त्यांची नखं कापली आहेत का इथपासून त्यांना शुक्रवारची गाणी येतात का इथपर्यंत सगळं बघणारी मोठी मंडळीही एकेकाळी याच बसमधून रडत उतरलेली.

कल्मनही तसाच उतरला होता. पहिल्या उन्हाळ्यात बास्केटबॉलच्या वेळी त्याला कुठल्याच बाजूने घेतलं नाही. बुटका, शिवाय धापा टाकणारा. पण खेळणाऱ्या पोरांना चष्मे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता, आणि कल्मन रिकामाच उभा होता. तासभर तो पोरांचे चष्मे छातीशी धरून उभा राहिला. खेळ संपल्यावर एकेकाने येऊन नावानिशी त्याच्याकडे आपला चष्मा मागितला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्याचं नाव घेतलं होतं. त्या तासात पोराने जे शिकायचं ते शिकून घेतलं: धरलंस तर तुला विचारतील.

तेव्हापासून तो धरतोच आहे. त्याच्या पँटला खिसे किती, हे त्याच्या शिंप्यालाही सांगता आलं नसतं. त्यांत किल्ल्या, शिट्ट्या, पोरींचे केसांचे चाप, कॅम्पच्या मुख्य बाईंचा, म्हणजे रोना क्लूगमनचा, वाचायचा चष्मा, आणि शुला नावाच्या नऊ वर्षांच्या एका भवानीचे बुद्धिबळातले दोन्ही वजीर. शुलाने ते मुद्दाम त्याच्याकडे ठेवलेले असत. वजीर आपल्या ताब्यात नसले की पोरगे आपल्याला न विचारता डाव मांडतात, असा तिचा अनुभव होता.

आणि दर शनिवारी दुपारी एक घडीची खुर्ची. ती तिर्झाची.

तिर्झा अ‍ॅडलमन कॅम्पात मातीकाम शिकवायची. मूळची एका छोट्या गावची, बोलायला तिखट, हसायला मोकळी. चाळिशीला टेकलेली, एक लग्न मोडून झालेलं. शनिवारी दुपारी सगळा कॅम्प पेंगत असताना ती तळ्याकाठी जाऊन वाचत बसे. खुर्ची कल्मन उचली, पाण्याची बाटली कल्मन घेई, पुस्तकही कल्मनच्याच काखेत. तळ्याशी पोचल्यावर खुर्ची मांडून द्यायची, “पाय नीट बसलेत ना?” असं खुर्चीबद्दल विचारायचं आणि परत यायचं. असे पाच उन्हाळे. पाच उन्हाळ्यांत त्याने खुर्चीच्या पायांपलीकडे काही विचारलं नव्हतं.

त्या गुरुवारी सगळ्या शिक्षकांसमोर तिर्झाने सांगून टाकलं, की पुढल्या वर्षी ती नाही. बाल्टिमोरच्या एका शाळेत बारमाही नोकरी मिळाली होती आणि उन्हाळ्यातही तिथेच वर्ग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्मननेही वाजवल्या, कुणाची तरी पेटी मांडीवर होती, ती खाली ठेवून वाजवल्या. मग रात्रभर विचार करून त्याने ठरवलं, की शेवटचा शनिवार उरलाय, खुर्ची नेता नेता बोलायचं. वाक्यसुद्धा तयार केलं. खुर्ची हातात असली की त्याला धीर यायचा.

पण शनिवारचं म्हणाल, तर शनिवारला आधी तार लागते.

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या निघेपर्यंत; त्या वेळात घराबाहेर काही न्यायचं नाही. जड वस्तूच असं नाही, रुमालसुद्धा नाही. घरात चालतं, उघड्यावर नाही. पण सगळ्या जागेभोवती खांब रोवून वरून एक अखंड तार फिरवली, की तेवढी जागा मिळून एकच घर धरतात आणि मग लेकरं कडेवर घेऊन, पुस्तकं काखेत मारून माणसं खुशाल हिंडतात. मात्र तार अखंड हवी. कुठे तुटली, की घर मोडलं. म्हणून दर शुक्रवारी कुणीतरी सगळी फिरून बघायची. गिव्हाट ओरेनमध्ये हे काम कोण करत असेल, हे सांगायला नको. वीस वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं, “कल्मन, बघशील का?”

त्या शुक्रवारी त्याने बघितली होती. चांगली खणखणीत होती. पण जेवणं आटोपता आटोपता वारा सुटला, पाइनची झाडं अंगात आल्यासारखी डोलली, आणि सकाळी प्रार्थनेला जायच्या आधी कल्मन सहज स्वयंपाकघरामागे डोकावला तर एक मोठी फांदी आडवी पडलेली आणि तार दोन्हीकडून गवतात लोळतेय.

तो उभा राहिला तो राहिलाच. मग लक्षात आलं की आपण आता घरात नाही, उघड्यावर आहोत, आणि आपले खिसे! त्याने तिथल्या तिथे, पाऊलही न हलवता, खिसे उलटे केले. किल्ल्या, शिट्ट्या, चाप, रोनाचा चष्मा, शुलाचे वजीर, सगळं फांदीशेजारी गवतात. रुमाल मात्र त्याने गळ्याला बांधला. अंगावर घातलेलं चालतं, हातात धरलेलं नाही. एक खार झाडावरून हा सगळा प्रकार बघत होती. तिला दरडावून कल्मन धावत सुटला.

कॅम्पचे धर्मगुरू रब्बी ओशरोव्ह प्रार्थनेच्या मंडपात एकटेच बसले होते. सत्तरी ओलांडलेले, दाढी बर्फासारखी आणि स्वभाव त्याहून थंड.

“तुटली,” कल्मन म्हणाला.

“कुठे?”

“स्वयंपाकघरामागे. फांदी पडलीय.”

शब्बाथला यहुद्याला असलं काम मना, म्हणजे आज तार जोडायची तर ती यहुदी नसलेल्या माणसानेच. कॅम्पात असा एकच, माळी अर्ल. “अर्ल कुठाय?” रब्बींनी विचारलं.

“भाचीच्या लग्नाला. ओहायोला.”

रब्बींनी भाचीला मनोमन शुभेच्छा दिल्या असाव्यात, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “कुणाला सांगितलंस?”

“तुम्हालाच पहिलं.”

“मग शेवटचंही मलाच. बघ कल्मन, आता सगळ्यांना सांगितलं, तर शिक्षकांपैकी तान्ह्या पोरांच्या आया खोलीत अडकतील. निम्मे लोक ऐकतील, निम्मे विसरून उचलतीलच, आणि मग ते कळून सवरून उचललं असं होईल. आज न कळता उचलतायत, ते माफ आहे. म्हणून त्यांना न कळलेलंच बरं.”

“आणि आपण?”

“आपल्याला कळलंय. आपण उचलायचं नाही.”

“म्हणजे सांगायचंही नाही आणि उचलायचंही नाही.”

“बरोबर.”

“आणि कुणी विचारलं, का उचलत नाहीस, तर?”

“खोटं बोलायचं नाही. शब्बाथ आहे.”

“मग म्हणू काय?”

“‘नाही’ म्हण. छोटा शब्द आहे. दोन वर्षांची पोरंसुद्धा म्हणतात.”

“तुमचं सोपं आहे, रब्बी. तुम्ही काय करणार?”

“मी इथेच बसणार. म्हाताऱ्याला कुणी काही उचल म्हणत नाही,” रब्बी म्हणाले आणि त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. “या वयाचा हा एक फायदा आजच कळतोय.”

यालाच म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कल्मन मंडपाबाहेर पडला आणि पहिला बुक्का बसलाच.

“कल्मन, जरा धर ना!” एका पोराने जाता जाता स्वेटर फेकला. हात पुढे गेलेच होते. अर्ध्यातच कल्मनने तो डोक्यातून घालून टाकला. स्वेटर पोराचा, कल्मनच्या बेंबीपर्यंतही पोचेना. पोरगं थांबून बघत राहिलं, मग काहीतरी नवा खेळ असेल असं समजून पळालं. पुढच्याने टोपी दिली, ती कल्मनने आपल्या डोक्यावरच्या नेहमीच्या छोट्या यहुदी टोपीवर चढवली. ऑगस्टच्या उन्हात तो असा सजून उभा राहिला.

मग रोना आली. रोना बोलायची म्हणजे हुकूमच सोडायची, पण माया करून.

“कल्मन राजा, पाण्याच्या दोन मोठ्या बरण्या मैदानावर पोचव. पोरं सुकली.”

कल्मनने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

“नाही,” तो म्हणाला.

रोनाने मागे वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून. “काय म्हणालास?”

“नाही म्हणालो.”

“पाठ धरलीय का?”

“नाही.”

“ताप आहे?”

“नाही.” एकदा जमलं की जमतं म्हणतात, तसं त्याचं झालं होतं.

“माझा चष्मा तरी दे, मला तुझं तोंड नीट बघू दे.”

“चष्मा सुखरूप आहे. चांदण्या निघाल्या की देतो.”

रोना काही न बोलता गेली, आणि रोना काही न बोलता जाते तेव्हा बोलायचं बरंच शिल्लक असतं. मैदानावर मग मोठ्या पोरांनी रांग लावली आणि बरण्या हातोहात पुढे सरकवल्या. त्यात एक गाणं घातलं, गाण्यात चालता चालता कल्मनचं नाव घातलं, आणि पाणी रोजच्यापेक्षा लवकर पोचलं. कल्मन झाडाआडून बघत होता. त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. बत्तीस वर्षं आपण जे केलं, ते या कार्ट्यांनी एका गाण्यात उरकलं!

दुपारच्या जेवणाला तो भोजनगृहात शिरला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. भिंतीच्या आत उचलायला काहीच हरकत नव्हती. मग त्याने काय काय उचललं म्हणता! रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या चोलंटची, म्हणजे मांस-घेवड्याच्या रश्शाची, सर्वांत जड कढई, पावांच्या परड्या, बाकं, बाकांवर बसलेली दोन पोरं. पण दाराशी आला की थांबे. उंबऱ्यापलीकडे साप बसला असावा तसा.

“आत पहिलवान, बाहेर पाहुणा,” एक जण म्हणाला.

“रोनाशी वाजलंय त्याचं.”

“छे रे, मणका सरकलाय. माझ्या मामाचं असंच झालं होतं. आत ठीक, बाहेर नाही.”

“आत-बाहेर मणक्याला कळतं?”

पोरींच्या टेबलावर मात्र वेगळाच निकाल लागला होता आणि तो घेऊन शुला थेट कल्मनच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“माझे वजीर दे.”

“आत्ता नाही.”

“हरवलेस?”

“नाही.”

“मग दे.”

“नाही.”

शुलाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बेंबीवरचा स्वेटर, दोन टोप्या, गळ्यातला रुमाल.

“आमच्या खोलीतल्या मुली म्हणतात, तिर्झा चाललीय म्हणून तू रुसलायस.”

कल्मनच्या हातातली पावाची परडी वाकडी झाली.

“मोठी माणसं रुसत नाहीत.”

“रुसतात की. माझे बाबा रुसले की गाडी धुतात. तू तिला सांगितलंस का?”

“काय सांगायचं?”

“बघ, विचारतोय!” शुला मागे वळून पोरींना ओरडून म्हणाली. मग मिठाच्या आणि मिरीच्या डब्या उचलून, त्यांनाच वजीर करून ती डाव मांडायला गेली.

म्हणजे नऊ वर्षांच्या पोरींनाही माहीत होतं. सगळ्या कॅम्पाला माहीत होतं. जिला माहीत असायला हवं, ती सोडून. आणि आता ती दुपारच्या झोपेची वेळ होताच खुर्ची घेऊन पायरीवर उभी असणार. खुर्चीशिवाय वाक्य कसं बोलायचं? आणि खुर्चीला नाही म्हणून वर लगेच ते वाक्य बोलायचं, हे कुठल्या तोंडाने?

नाही गेलो तर? असाही विचार त्याला येऊन गेला. खोलीत पडून राहावं, उद्या तार बांधल्यावर भेटावं. पण उद्या सामान बांधायचं, परवा बसेस. उद्या गाठायचं म्हटलं तरी तिच्याभोवती रडणाऱ्या मुलींचं कडं असणार. तो गेला.

तिर्झा पायरीवर उभी होतीच. खुर्ची, बाटली, पुस्तक.

“आलास? चल.”

“येतो,” कल्मन म्हणाला. “पण खुर्ची नाही उचलणार.”

तिर्झा हसली. थट्टा वाटली तिला. मग त्याचे हात बघितले. ते खरोखरच खाली लोंबकळत होते.

“बरं,” ती म्हणाली. खुर्ची तिने स्वतः उचलली, पुस्तक हनुवटीखाली दाबलं, बाटली दुसऱ्या हातात, आणि अशी चालायला लागली की कल्मनला गाठायला पळावं लागलं.

रिकाम्या हातांचं करायचं काय असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने ते पाठीमागे बांधले, तर तपासणीला आलेल्या साहेबासारखं वाटलं. पुढे बांधले, तर प्रेतयात्रेत चालल्यासारखं. शेवटी सोडून दिले. वाटेत तिर्झा खुर्ची एकदा या हातात, एकदा त्या हातात घेत होती. प्रत्येक वेळी कल्मनचा खांदा आपोआप हलायचा. तिला उचलावं लागतंय आणि आपण बघतोय. वर बोलायचंही नाही.

“रोना म्हणाली, सकाळपासून तू सगळ्यांना नाही म्हणत सुटलायस,” तिर्झा पुढे बघत म्हणाली. “मला वाटलं होतं, सगळ्यांत मी नसेन.”

“तू नाहीसच,” कल्मन म्हणाला. पण ते इतक्या हळू, की ते बहुतेक टोपीलाच ऐकू गेलं.

तळ्याशी पोचल्यावर तिने खुर्ची उघडून दाणकन मांडली, बसली आणि पुस्तक तोंडासमोर धरलं. कल्मन उभा. पाण्यावर ऊन, पलीकडे दोन बदकं. “पाय नीट बसलेत ना?” हेसुद्धा आज विचारायची सोय नव्हती. घामाची धार स्वेटरच्या गळ्यातून आत जात होती.

पुस्तकाचं पान काही उलटेना. मग पुस्तकावरून दोन डोळे वर आले.

“कल्मन, तो रुमाल गळ्यात का बांधलायस?”

“घाम येतोय.”

“घाम पुसायला रुमाल खिशात ठेवतात.”

कल्मनचा हात सवयीने खिशाकडे गेला.

“खिसेही सपाट आहेत तुझे. मी ते आजवर सपाट बघितले नाहीत. पँट कुणा दुसऱ्याची वाटतेय.” तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. “माझे आजोबा शनिवारी असाच रुमाल बांधून बाहेर पडायचे. कधी गळ्यात, कधी मनगटाला. आमच्या गावात तार नव्हती.”

कल्मन बदकांकडे बघत राहिला.

“तुटली ना?”

खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही. कल्मनने दोन्ही टोप्या काढल्या, डोकं खाजवलं आणि पुन्हा एकेक करून घातल्या. तिर्झा आधी नाकातून हसली, मग तोंडावर हात धरून, मग खुर्ची मोडेल की काय इतकी. आणि मधेच एकदम थांबली.

“अरे गाढवा! म्हणजे आता मलाही कळलं!”

“मी नाही सांगितलं.”

“मग आता ही खुर्ची?”

“इथेच राहील.”

“पुस्तक?”

“तेही. खारींना वाचायला.”

“आणि बाटली?”

“पाणी पिऊन टाक. पोटातून नेलेलं चालतं.”

तिने खरंच पिऊन टाकलं. निम्मं स्वतः, निम्मं त्याला देऊन. मग खुर्चीतून उठून गवतात बसली, आणि बसायचं की नाही ते न कळून तोही बसला.

“म्हणजे रब्बींनी सांगितलं, कुणाला बोलू नकोस. आणि तू सकाळपासून सगळ्यांच्या शिव्या खातोयस.”

“शिव्या नाही कुणी दिल्या. गाणं म्हटलं.”

“माझ्या तर दोन खाल्ल्यास. मनातल्या मनात.” ती गवताची काडी मोडत म्हणाली, “तुला खरं सांगू? वाटेत मला इतका राग का आला, तेच कळेना. एका खुर्चीचं काय एवढं! मग वाटलं, आज पहिल्यांदाच तू माझ्याशी वेगळा वागलास. वाईट का होईना, पण वेगळा.”

“वेगळा कसा? मी तर पाच वर्षं—”

“पाच वर्षं तू माझी खुर्ची उचललीस आणि रोनाचा चष्मा सांभाळलास आणि शुलाचे वजीर ठेवलेस. आमच्यात फरक काय? मी आपली दोनशे एकावी. चष्म्याला वाटतं का कधी, की या खिशाचं माझ्यावर प्रेम आहे?”

कल्मनला हे कधी सुचलंच नव्हतं. सगळ्यांचं धरलं की सगळे विचारतात, इथवर त्याचं शिक्षण झालं होतं. पुढची इयत्ता राहूनच गेली होती. ती आता एक्केचाळिसाव्या वर्षी, उसन्या स्वेटरमध्ये, गवतात बसून शिकायची वेळ आली. तयार केलेलं वाक्य त्याने आठवून बघितलं. त्याची सुरुवात ‘ही खुर्ची उचलताना मला नेहमी’ अशी होती. गेलं कामातून.

“बाल्टिमोरला,” तो म्हणाला आणि अडखळला. “बाल्टिमोरला शाळेच्या बसेस असतात ना?”

तिर्झाने त्याच्याकडे बघितलं. “असतात.”

“पिवळ्याच?”

“पिवळ्याच असतात, कल्मन. सगळ्या देशात पिवळ्याच असतात.”

“मग चालवणारे लागत असतील.”

“लागत असतील.”

बदकं उडून गेली. कल्मनचे कान लाल झाले होते, आणि त्यावर दुसरी टोपी ओढावी की नाही, याचा तो विचार करत होता.

“हे तू नोकरीचं विचारतोयस?” तिर्झा म्हणाली.

“नाही,” कल्मन म्हणाला. दिवसभरात हा शब्द त्याने बऱ्याच जणांना ऐकवला होता, पण एवढ्या ठासून एकदाही नाही. “नोकरी मला आहे. चांगली आहे. मी तुझं विचारतोय.”

तिर्झा उठली. स्कर्टला लागलेलं गवत झटकलं. कल्मनला वाटलं, संपलं. आता ही जाईल आणि खुर्ची इथे राहील, तिच्याशेजारी आपण.

“वर येतोस?” ती म्हणाली आणि तळ्यामागच्या टेकडीकडे हनुवटी केली. “दर शनिवारी या खुर्चीवर बसून त्या टेकडीकडेच बघत असते मी. पहिल्या वर्षी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, ती तारेच्या बाहेर आहे आणि माझ्या खिशात पोरांची शिट्टी आहे. मग मी विचारायचं सोडलं.”

“असं म्हणालो मी?”

“अगदी असंच.”

कल्मनने आपल्या मांड्या चाचपल्या. मग तो चालायला लागला, तिच्याही पुढे.

वाट चढणीची, मुळ्यांनी भरलेली. शेवटचा खांब मागे पडला तेव्हा दोघांपैकी कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्यावर तिर्झाला दम लागला. एका जागी उंच दगड आला तेव्हा कल्मनने हात पुढे केला, आणि वर चढून झाल्यावरही तिने तो सोडला नाही. ‘शब्बाथला हात धरून नेणं हे उचलण्यात मोडतं का?’ असं कल्मनच्या मनात आलं. रब्बींना विचारायला हवं होतं. मग वाटलं, न विचारलेलंच बरं. माणूस चालत असला की तो स्वतःलाच उचलतो.

वरून सगळा कॅम्प दिसत होता. मैदानावर मुठीएवढी माणसं. भोजनगृहातून संध्याकाळच्या जेवणाची लांबट, रेंगाळणारी गाणी यायला लागली होती. आपण तिथे नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, आणि पोरींच्या टेबलावर त्याचा निकालही लागला असणार.

“ऑक्टोबरात सणाला बाल्टिमोरला ये,” तिर्झा म्हणाली. “आई येतेय माझ्याकडे राहायला. सांगून ठेवते, ती बाई पहिल्याच दिवशी तुला बाजारात नेईल आणि पिशव्या तुझ्या हातात देईल. घेऊ नकोस.”

“का?”

“घेतल्यास तर तुला हमाल समजेल. नाही म्हणालास तर विचारेल, हा कोण एवढा शहाणा? मग मी सांगेन.”

“काय सांगशील?”

“ते ऑक्टोबरपर्यंत ठरवते,” ती म्हणाली. “आधी तो स्वेटर काढ. असा नाही नेणार मी तुला आईसमोर.”

कल्मनने स्वेटर काढायला घेतला. तो डोक्यात अडकला. शेवटी तिर्झानेच बाही धरून ओढला, आणि तो निघाल्यावर दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं, की आता हा खाली न्यायचा कसा. कल्मनने निमूट तो पुन्हा घातला. तिर्झा हसत हसत उतरायला लागली, आणि बेंबीच्या वरच संपणाऱ्या स्वेटरात तिच्यामागे कल्मन.